जुनी विंचेस्टर लेव्हर रायफल: परवाना, काडतूस आणि मग लोखंड

राजापूर तालुक्यातील एका बागायतदारांनी सविस्तर प्रश्न पाठविला आहे. त्यांची हापूस आणि काजूची बाग आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना आहे आणि त्यावर वडिलांकडून आलेली एकनळी बारा बोअर बंदूक आहे. मालवणकडील ओळखीच्या घरात विंचेस्टर कंपनीची १८९२ मॉडेलची, .४४-४० बोअरची लेव्हर रायफल (चापाखालची कडी म्हणजे लेव्हर खालीवर करून काडतूस भरण्याची) विक्रीस आहे. मूळ परवानाधारक दोन वर्षांपूर्वी वारले, मुलगा मुंबईस नोकरीला असतो, रायफल घरीच आहे आणि सोबत जुन्या काडतुसांचा एक पुठ्ठ्याचा डबाही मिळणार आहे. किंमत सव्वा लाख रुपये सांगितली आहे. रानडुकरांच्या उपद्रवासाठी ही रायफल घ्यावी का आणि ती पाहताना काय तपासावे, असे त्यांनी विचारले आहे.

बंदुकांची दुरुस्ती हा माझा परवानाधारक व्यवसाय असून, लेव्हर रायफली आमच्या टेबलावर मोजक्याच येत असल्या तरी नियमाने येतात. माझे मत आधीच सांगतो: आपल्या सध्याच्या परवान्यावर आणि आपण लिहिलेल्या कामासाठी ही रायफल घेऊ नये. वेगळा परवाना मिळण्यासारखा असेल, काडतुसांची सोय खरोखर होणार असेल आणि जुन्या यंत्राची आवड म्हणून ती हवी असेल, तर मात्र जरूर पाहावी, कारण १८९२ मॉडेल हे या जातीतील अतिशय सुबक काम आहे. पाहण्याचा क्रम मात्र कागद, काडतूस आणि शेवटी लोखंड असा ठेवावा. बहुतेक ग्राहक उलट्या क्रमाने जातात. लेव्हर एकदा खालीवर करून पाहिली की तिच्या आवाजावर भाळतात आणि कागदांचे नंतर बघू म्हणतात.

तेव्हा प्रथम परवाना. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ठासणीची बंदूक त्या कामास पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आपली बारा बोअर बसते ती याच तरतुदीत. लेव्हर रायफलीच्या नळीत आटे असतात, म्हणजे ती गुळगुळीत नळीची नव्हे, आणि म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती चढविता येईल असे गृहीत धरून एक रुपयाही बयाणा देऊ नये. रायफलीसाठी त्याच कलमातील दुसऱ्या भागाखाली, सबळ कारण दाखवून, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र मागणी करावी लागते. पोलिसांचा अहवाल येतो आणि त्यानंतर निर्णय होतो. ‘बागेत डुकरे येतात’ हे कारण लिहिले, तर त्यासाठी आपणांस आधीच बंदूक दिलेली आहे, असे उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच शस्त्रे बाळगता येतात. आपली एकनळी आणि ही रायफल मिळून दोन झाली की पुढे चांगली जोडनळी बंदूक चालून आली तरी घेता येणार नाही. कोकणातील बागायतदाराने ही दुसरी जागा कशासाठी खर्च करावी, याचा विचार सव्वा लाखाच्या विचाराआधी करावा.

आता विकणाऱ्याची बाजू पाहू, कारण आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे. परवानाधारक दोन वर्षांपूर्वी वारले आणि रायफल अजून घरीच आहे. परवाना हा व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. मृत्यूनंतर वारसांनी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते आणि त्यानंतर वारसास परवाना मिळविता येतो किंवा ठरलेल्या मुदतीत योग्य परवानाधारकास ते विकता येते. मुदत उलटली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ पासून किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे. मालवणातील त्या कुटुंबाचा हेतू वाईट नसेल. कोकणात वडिलांची बंदूक माळ्यावर घोंगडीत गुंडाळून राहते आणि चाकरमानी मुलगा गणपतीला आला की तिची आठवण होते, हे नेहमीचेच आहे. तरीही आपण प्रथम त्यांना रायफल रीतसर जमा करून पावती घेण्यास सांगावे, गरज पडल्यास वकिलाचा सल्ला घेण्यास सांगावे, आणि ते होईपर्यंत रायफल पाहण्यासही जाऊ नये. ‘जरा घेऊन जा, चार दिवस वापरून बघा’ असे कोणी आग्रहाने म्हटले तरी तिला हातही लावू नये.

याच संदर्भात एक वाक्य आपल्या कानावर हमखास येईल: ‘शंभर वर्षांची अँटिक आहे, तिला परवाना लागत नाही.’ हे खरे नाही. कायद्यातील सवलत अशा जुनाट किंवा नादुरुस्त शस्त्रांना आहे, जी दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाहीत. १८९२ मॉडेल दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत बनत होते, दहा लाखांहून अधिक संख्येने बनले, आणि त्यातले कितीतरी आजही बिनतक्रार चालते. नुसत्या वयामुळे परवाना सुटत नाही.

मूळ परवानाधारक हयात असता आणि स्वतः विकत असता, तर रीत वेगळी होती. खासगी वापरातील शस्त्र विकण्यापूर्वी त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना, घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. आपल्या व्यवहारात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी असे दोन जिल्हे येतात, त्यामुळे ओरोस आणि रत्नागिरी अशा दोन्ही कार्यालयांचा पत्रव्यवहार धरावा, आणि शस्त्र एका जिल्ह्यातून दुसऱ्यात आणताना परवान्याची क्षेत्रमर्यादा वाचून घ्यावी. शक्य असेल तर हा सगळा व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा. तो काही रक्कम घेईल, पण नोंदवहीत शस्त्राची आवकजावक राहते आणि दहा वर्षांनी कोणी विचारले तर दाखविण्यास कागद राहतो.

मूळ परवान्यावर लिहिलेला क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक अक्षरशः एकच असला पाहिजे. १८९२ मध्ये तो रिसीव्हरच्या (नळीमागच्या, यंत्र बसविलेल्या पोलादी पेटीच्या) खालच्या बाजूस, पुढच्या टोकाशी असतो. तेथे गंज असेल तर मऊ कापडावर तेल घेऊन हळुवार पुसावा; सॅंडपेपर लावू नये. आकडा घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा एखादाच अंक वेगळ्या वळणाचा दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण ओळखचिन्ह नसलेल्या किंवा त्यात फेरफार झालेल्या अग्निशस्त्राची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे आणि त्याला दुरुस्तीचा कोणताही उपाय नाही. परवान्यावर बोअर कसे लिहिले आहे तेही पाहावे. नळीवर ‘४४ डब्ल्यू.सी.एफ.’ असा छाप असतो, तेच .४४-४०. जुन्या परवान्यांत कारकुनाने नुसते ‘४४ बोअर’ लिहिलेले आढळते. नवीन नोंद करताना ते पूर्ण लिहून घ्यावे. स्पेनमध्ये गाराते-अनितुआ यांनी याच मॉडेलची ‘एल तिग्रे’ नावाची नक्कल केली होती, आणि ब्राझीलच्या रॉसी कंपनीने अलीकडे केली. दोन्ही वाईट नाहीत, पण त्यांना विंचेस्टरचे मोल देऊ नये.

कागद जमले असे समजू. आता काडतूस, आणि बहुतेक वेळा व्यवहार खरोखर इथेच अडतो. आपल्या देशातील सरकारी कारखान्यांत परवानाधारकांसाठी बनणाऱ्या काडतुसांत १२ बोअर, .२२, .३२, .३१५ आणि .३०-०६ ही प्रमुख नावे आहेत. .४४-४० त्यांत नाही. विक्रेत्याकडे कधीकाळी आयात झालेला माल शिल्लक असेल तर तो मिळेल त्या भावाने घ्यावा लागतो आणि तो संपला की पुढचा कधी येईल हे विक्रेताही सांगू शकत नाही. म्हणून रायफल पाहण्याआधी कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथील विक्रेत्यांना विचारून, .४४-४० ची ताजी काडतुसे किती आणि काय भावाने मिळतील याचे उत्तर मिळवावे. ‘बघू, मिळतील’ हे उत्तर ‘नाही’ असे समजावे. घरी काडतुसे भरून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करावा. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

रायफलीसोबत मिळणाऱ्या जुन्या डब्याचा मोह फार वाईट. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पन्नास वर्षे पडलेल्या काडतुसाचे पितळ हिरवट होते, तोंडाशी बारीक चिरा जातात आणि कॅप (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटविणारी टोपी) मेलेली किंवा अर्धमेली असते. अशी कॅप कधी उडतच नाही, तर कधी चाप दाबल्यावर क्षणभर थांबून उडते, आणि तेवढ्यात उतावळ्या माणसाने लेव्हर खाली ओढलेली असते. काडतूस उडाले नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट तसेच थांबावे, हा नियम याचसाठी आहे. हिरवटपणा पॉलिशने काढून काडतूस चकचकीत केले म्हणजे ते चांगले झाले असे नव्हे. काडतुसांसाठीही परवाना लागतो आणि त्यांचीही नोंद होते, त्यामुळे तो डबा रायफलीबरोबरच पोलीस ठाण्यात जाऊ द्यावा.

दारूबद्दल आणखी एक इशारा. .४४-४० हे मुळात १८७३ मॉडेलसाठी काढलेले, काळ्या दारूचे, ४० ग्रेन (वजनाचे छोटे माप) दारू आणि साधारण २०० ग्रेन शिशाची गोळी असलेले काडतूस आहे. पुढे बिनधुराची दारू आली तेव्हा १८९२ ची मजबुती पाहून विंचेस्टरने त्याच मापाचे जास्त वेगाचे काडतूस काढले आणि ते १८७३ मध्ये वापरू नये अशी सूचना दिली. कारण १८७३ मध्ये बोल्टला (काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला) आधार सांध्याच्या दोन दांड्यांचा असतो, तर १८९२ मध्ये जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेप्रमाणे बोल्टच्या दोन्ही बाजूंनी उभ्या सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या त्याला अडवून धरतात. म्हणून समोर आलेली रायफल १८९२ च आहे याची खात्री करणे हा शौकाचा प्रश्न नाही. नावात ४४ आहे म्हणून .४४ मॅग्नम या जास्त दाबाच्या काडतुसासाठी नळीचे घर (काडतूस बसण्याची जागा) कोरून देतो असे सांगणारा कारागीर भेटला तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. शंभर वर्षांच्या पोलादावर तो दाब घालणे मी कधीही मान्य करणार नाही. टोकदार गोळीचे काडतूसही वर्ज्य आहे, कारण नळीच्या खालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक आडवी असतात आणि मागच्याचे टोक पुढच्याच्या कॅपवर टेकते. चपट्या नाकाची गोळी हा या रायफलीचा नियमच आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. ती विक्रेत्याच्या दुकानात किंवा जिथे शस्त्र जमा आहे तिथे, अधिकाऱ्यांच्या परवानगीने, शक्यतो कारागीर सोबत घेऊन आणि दिवसाच्या उजेडात करावी.

सर्वांत आधी रायफल रिकामी करावी. लेव्हर रायफलीत ही गोष्ट बारा बोअरइतकी सोपी नाही. बारा बोअर सांध्यातून वाकवून उघडली की नळीचे घर डोळ्यांसमोर येते. इथे मात्र एक काडतूस नळीत, एक उचलणाऱ्या पाळण्यावर आणि बाकीची मॅगझिनमध्ये अशी असू शकतात, आणि जुन्या कमजोर स्प्रिंगमुळे एखादे काडतूस मॅगझिनमध्ये अडकून राहून चार वेळा लेव्हर हलविल्यावर पाचव्यांदा बाहेर येते. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, लेव्हर पूर्ण खाली-वर, आणि आत मॅगझिनची ढकलपट्टी डोळ्यांना दिसेपर्यंत हे चालू ठेवावे. मग करंगळी घालून घर चाचपावे. मालक ‘रिकामीच आहे हो’ म्हणत असताना हे करायला संकोच वाटतो, तो बाजूस ठेवावा.

नळीकडे पाहण्याची अडचण अशी की विंचेस्टर १८९२ चा बोल्ट सहज निघत नाही, त्यासाठी बरीच उकल करावी लागते. मार्लिनच्या रायफलींत लेव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागून हातात येतो, तो आराम इथे नाही. म्हणून लेव्हर खाली करून बोल्ट मागे घ्यावा, उघड्या जागेत पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरपा धरावा, त्यावर बाहेरून विजेरीचा उजेड टाकावा आणि नळीच्या तोंडातून पाहावे. आटे तीक्ष्ण कडांचे, चक्रीने वर जाणारे आणि तळाशी चकाकणारे दिसले तर उत्तम. राखाडी, मऊ झालेले पण सलग आटे असतील तर तेही चालतात. शिशाच्या गोळीला ते पुरतात. तळाशी काळ्या टिकल्या, त्यांच्यात खड्डे आणि मध्येच एखादे गडद कडे दिसले तर थांबावे. टिकल्या बहुधा जुन्या, क्षार सोडणाऱ्या कॅपच्या आणि नंतर न धुतलेल्या नळीच्या खुणा असतात. गडद कडे म्हणजे नळी तिथे फुगली असण्याची शक्यता असते, आत काहीतरी अडकलेले असताना कोणीतरी दुसरा बार काढला असावा. बाहेरून बोटांची पेरे नळीवरून फिरवल्यावर ती फुगवटी कधी कधी हातालाच कळते. अशी नळी फुकट मिळाली तरी नको.

नळीचे तोंडही नीट पाहावे. बोल्ट निघत नसल्यामुळे या रायफली आयुष्यभर तोंडाकडून गज घालून साफ केल्या जातात आणि गज घासून तोंडाशी आटे झिजतात. मग बाकीची नळी कितीही सुंदर असली तरी नेम भरकटतो. तोंड थोडे मागे नव्याने कापून घेणे हा बाहेर देशांत सर्रास होणारा उपाय आहे, पण आपल्याकडे परवानाधारक कारागिराखेरीज कोणीही नळी आखूड करू शकत नाही आणि तोही मोजमापाची नोंद झाल्याशिवाय करणार नाही.

घोड्याची (चाप ओढल्यावर मागून आपटणाऱ्या हातोडीची) तपासणी रिकाम्या रायफलीवर करावी. घोडा अर्धवट मागे ओढून अर्ध्या खाचेवर आणावा आणि चाप जोराने ओढावा, घोडा पडता कामा नये. मग पूर्ण मागे ओढून, बोट चापापासून दूर ठेवून, घोड्याच्या मागे अंगठ्याने पुढे रेटा द्यावा. घोडा सुटला तर खाच झिजली आहे किंवा कोणीतरी ‘चाप हलका करून देतो’ म्हणून कानस चालविली आहे. या मॉडेलला अर्ध्या खाचेशिवाय दुसरे सेफ्टी नाही, म्हणून इथे सवलत देऊ नये. लेव्हर बंद असताना बोल्टच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पूर्ण वर येऊन बसतात का आणि बोल्ट मागेपुढे हलतो का, हे पाहावे. किंचित हालचाल चालते, बोटाला ठळक जाणवणारी चालत नाही. शंका असेल तर काडतुसाच्या कडेच्या मापाचे गेज असलेल्या कारागिराकडून मोजून घ्यावे. डमी काडतुसे असतील तर बाजूच्या झडपेतून चार-पाच भरून लेव्हर सावकाश आणि नंतर झपाट्याने चालवावी. दोन काडतुसे एकदम पाळण्यावर आली तर अडविणारा तुकडा झिजलेला आहे. तो नवा मिळणे कठीण, पण हाताने घडविता येतो, आणि त्यासाठी किंमत कमी करून मागता येते.

कोकणातील रायफलीचा खरा रोग मात्र झाकलेल्या जागी असतो. वेंगुर्ल्याजवळच्या एका घरातून आलेली अशीच रायफल बाहेरून इतकी स्वच्छ होती की मालक केवळ घोडा जड चालतो म्हणून घेऊन आले होते. पुढचे लाकूड उतरविले तेव्हा नळी आणि मॅगझिन यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गंजाचे पापुद्रे निघाले आणि मॅगझिनच्या पत्र्याला टोचणीच्या टोकाएवढी भोके पडलेली होती. घोडा जड चालण्याचे कारण निराळेच होते: वर्षानुवर्षे खोबरेल तेल घालून ते आत सुकून पिवळ्या लाखेसारखे घट्ट झाले होते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत चामड्याच्या म्यानात ठेवलेली बंदूक उघड्यावर ठेवलेल्या बंदुकीहून लवकर सडते, कारण चामडे ओल धरते. म्हणून मालकाची परवानगी घेऊन पुढचे लाकूड आणि मागची बुडाची पट्टी काढून आत पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. मालक नाही म्हणाला तर ते उत्तरही पुरेसे आहे. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या असतील तर आधी कोणीतरी अननुभवी हात आत गेलेला आहे. छापील अक्षरे पुसट आणि अष्टकोनी नळीच्या कडा गोल झालेल्या असतील तर गंज घासून पुन्हा ब्लूइंग (पोलादावरची निळसर काळी झिलई) केलेले आहे. ते चालण्यास हरकत नाही, किंमत मात्र निम्म्याकडे यावी. दस्त्यावर, टँगच्या (रिसीव्हरच्या लाकडात शिरणाऱ्या पट्टीच्या) मागे, केसाएवढी चीर असू शकते. ती दिसली तर दस्ता हाताने हलकेच पिळून पाहावा.

हे सारे निर्दोष निघाले, तरी आपल्या बागेतील कामाला रायफल योग्य नाही, असे मला वाटते. .४४-४० ची गोळी शंभर यार्डांच्या आत डुकराला पुरते, पण नेम चुकला तर ती एक किलोमीटरहून अधिक दूर जाऊ शकते. आपली बाग उतारावर असेल, खाली वाडी असेल, मधे जांभ्याचा गडगा असेल आणि डुकरे येणार रात्री. गोळी जांभ्यावर आपटून कुठे वळेल हे कोणीही सांगू शकत नाही. बारा बोअरचे छरे त्या मानाने काही शे मीटरांत जोर संपून खाली येतात. त्यातच, परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येते असेही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ प्रमाणे पिकाच्या नुकसानीसाठी वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि माकड-वानरांच्या बाबतीत तर बंदुकीचा विचारच करू नये. उपद्रवावर रोजचा उपाय म्हणून सौर कुंपण आणि हाकाटीचा बार यांतच पैसे घालावेत, आणि शस्त्र बदलायचेच असेल तर चांगल्या स्थितीतील जुनी जोडनळी बारा बोअर पाहावी. तिचे खडकीच्या कारखान्याचे काडतूस विक्रेत्याकडे मिळते आणि आपल्या परवान्याच्या जातीतही ती बसते. रायफलच हवी असेल आणि तसा परवाना मिळाला, तर ईशापूरच्या कारखान्याची .३१५ बोल्ट रायफल रूपाने साधी असली तरी काडतुसांअभावी भिंतीला टेकून राहत नाही.

सव्वा लाख ही किंमत रास्त आहे का, हेही आपण विचारले आहे. परदेशी रायफलींची सर्वसाधारण आयात कित्येक दशके बंद असल्यामुळे आपल्याकडे जुन्या मालाला जो भाव येतो, तो धातूचा किंवा उपयोगाचा नसून दुर्मीळतेचा असतो. नळी स्वच्छ, क्रमांक जुळता, सर्व सुटे भाग मूळचे आणि शंभरेक ताजी काडतुसे खात्रीने मिळणारी, अशी स्थिती असेल तर हौशी माणसाने ती रक्कम दिली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. यातील काडतुसांची अट पुरी होत नसेल तर निम्मी रक्कमही जास्त आहे. घासाघीस करताना दुरुस्तीचा खर्च आधी कारागिराकडून लिहून घ्यावा आणि तो कागद समोर ठेवावा. तोंडी ‘थोडे काम आहे’ म्हटल्याने मालकाचा आकडा खाली येत नाही.

एवढे वाचूनही आपण ती घेण्याचे ठरविले, तर क्रम असा असावा. मालवणच्या कुटुंबाने रायफल आणि काडतुसे जमा करून पावती घ्यावी. वारसांपैकी सर्वांची विक्रीस संमती लेखी घ्यावी, कारण मुंबईच्या एका मुलाने विकले आणि नंतर पुण्याच्या बहिणीने हरकत घेतली, असे घडते. आपण रायफलीच्या परवान्याचा अर्ज करावा आणि तो मंजूर होऊन खरेदीची मुदत परवान्यावर लिहून मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. बयाणा द्यावाच लागला तर परवाना नाकारल्यास तो परत मिळेल असे एक वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. रायफल ताब्यात आल्यावर मुदतीत तपासणीस हजर करून तिची नोंद परवान्यावर आणि आपल्या यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख) क्रमांकाखाली झाली आहे हे डोळ्यांनी पाहावे. निवडणूक लागली की आपल्याकडे शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. तेथील कोठीत रायफल आठवडेच्या आठवडे पडून राहते, म्हणून जमा करण्यापूर्वी नळीत आणि मॅगझिनमध्ये पातळ मशीन तेलाचा हात फिरवावा, चामड्याचे म्यान घरी ठेवून सुती कापडात गुंडाळून द्यावी, आणि परत घेताना क्रमांक पावतीशी ताडून मगच सही करावी.